उजेडातला फोटो

पोलीस ठाणे सिंदी (रेल्वे), जि. वर्धा
जबाब, दि. १७/०९/२०२५

नाव प्रभाकर विठोबाजी कोंडावार, वय ६८ वर्षे, शिक्षण आठवी, धंदा मॅचिंग सेंटर (ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल), राहणार शास्त्री वॉर्ड, हिंगणघाट, जि. वर्धा.

मी वर लिहिलेला इसम आज पोलीस ठाण्यात आपणहून आलो आहे. मला कोणी पाठवलेले नाही. विचारल्यावरून आणि जिथे विचारले नाही तिथे स्वतः होऊन सांगतो तो माझा जबाब असा आहे.

मी हिंगणघाट येथे पत्नी सौ. रुख्मिणी हिच्यासह राहतो. मुलगा योगेंद्र नोकरीला पुण्यात असतो. बाजार ओळीत माझे दुकान आहे. बाया साडी घेऊन येतात आणि तिला जुळणारा ब्लाऊजपीस मी काढून देतो. एकाच लाल रंगाचे माझ्याकडे इतके गठ्ठे आहेत की गिऱ्हाइकाला ते सगळे सख्ख्या बहिणी वाटतात. दुकानात ट्यूबलाईट आहे. ट्यूबलाईटखाली रंग पाहून मी आजवर कापडाला कात्री लावलेली नाही. साडी आणि पीस दोन्ही दाराबाहेर पायरीवर न्यायचे, उजेडात धरायचे आणि मग कापायचे, असा दुकानाचा नियम आहे. घाईतली बाई कुरकुर करते. पण घरी जाऊन कपाळावर हात मारण्यापेक्षा पायरीवर घडीभर उभे राहिलेले बरे, असे मी सांगतो. ही गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून लिहून घेण्याची विनंती केली.

योगेंद्रने नागपूरला असताना एक विदेशी अजगर पाळला होता. त्याला बॉल पायथन म्हणतात. तो बिनविषारी असतो आणि घाबरला की स्वतःचाच चेंडू करून बसतो. त्याची सरकारी पोर्टलवर नोंद आहे, नोंदीची प्रत सोबत दिली आहे. पुण्यातल्या घरमालकाने साप ठेवू दिला नाही म्हणून योगेंद्रने तो आमच्याकडे आणून ठेवला. आम्ही त्याला मुनीमजी म्हणतो, कारण तो दिवसभर एका जागी बसून असतो आणि कोणाकडे पाहत नाही. माझी पत्नी सुरुवातीला त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. "पोटचा गेला पुण्याले अन् हे पोसा आता," असे म्हणायची. हल्ली थंडीत त्याच्या पेटीतला दिवा लागला की नाही, हे तीच उठून पाहते.

योगेंद्रनेच मला अजगर पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घातले. या अजगरांत रंगाचे आणि नक्षीचे पुष्कळ प्रकार असतात, त्यांना मॉर्फ म्हणतात. काही लांबून ओळखू येतात. काही फार बारीक असतात. म्हणजे पोटाच्या कडेला थोडी पिवळी झाक, डोक्यावर पुसट ठिपका, नाहीतर चॉकलेटी डागाच्या काठाशी जरासा फिकेपणा. साध्या पिल्लाच्या शेजारी ठेवले तरी लोकांना फरक कळत नाही. मग ते फोटो टाकून विचारतात की याच्यात कोणता गुण आहे. मला तो दिसायचा. कसा दिसतो ते सांगता येत नाही. राणी कलर आणि गुलाबी यांतला फरक दिसतो तसाच दिसतो. मी हे कुठे शिकलो नाही, आणि चुकलोही आहे. पण लोक मला मॅचिंगवाले काका म्हणून विचारू लागले आणि म्हातारपणी कोणी विचारतो याचे मला बरे वाटायचे.

मी प्रत्येकाला आधी एकच गोष्ट सांगत असे. खोलीतला फोटो चालणार नाही, साप उजेडात आणून फोटो काढा. याची ग्रुपमध्ये थट्टा होत असे. कोणी लग्नाचा फोटो टाकला तरी खाली लिहायचे, "काका म्हणतील नवरी पायरीवर आणा."

सौ. मेघा मुकेश लोणारे, राहणार सिंदी (रेल्वे), ही याच ग्रुपमध्ये आहे. तिच्या लग्नाच्या सगळ्या साड्यांचे पीस माझ्या दुकानातून गेले आणि तिची सासू श्रीमती दीपमालाबाई तेव्हापासून माझी गिऱ्हाईक आहे. मेघाकडे नोंद केलेला एक अजगर होता. तो मागच्या थंडीत मेला. त्यानंतर ती हिंगणघाटला आली की मुनीमजीला पाहायला घरी यायची. पत्नीने दिलेला चिवडा खात पेटीसमोर बसून राहायची. मला काका म्हणते. माझी मुलगी नाही.

ग्रुपमध्ये एक नंबर आहे. त्याने आपले नाव मॉर्फवाला असे ठेवले आहे. त्याला मी कधी पाहिलेले नाही. खरे नाव व गाव मला माहीत नाही. नंबर पोलिसांना दिला आहे. त्याने या महिन्यात काही फिक्या रंगाच्या पिल्लांचे फोटो टाकले. हा अजगराचा नवीन प्रकार आहे, अजून नावसुद्धा ठेवलेले नाही, सगळी एकाच आईची आहेत, असे त्याने लिहिले होते. त्यातले एक पिल्लू मेघाने घेतले. तो माणूस बसस्टँडवर पेटी हातात देऊन लगेच निघून गेला, कागद नंतर पाठवतो म्हणाला, असे मेघाने मला कळवले. कागद आले नाहीत.

दि. १५ रोजी सोमवारी मी दुकानात होतो. नवरात्र तोंडावर असल्याने नऊ दिवसांच्या नऊ रंगांसाठी गर्दी होती. अकराच्या सुमारास मेघाने मला फोटो पाठवला. पिल्लू पेटीच्या कोपऱ्यात होते. खोलीतला दिवा लावून फोटो काढला होता आणि तिच्या मोबाईलमध्ये चेहरा गुळगुळीत करण्याची जी सोय असते ती चालू होती, हे मला नंतर समजले. पिल्लू साय आलेल्या चहाच्या रंगाचे दिसले. डाग पुसट होते. तिने लिहिले होते, "काका, याच्यात काय गुण हाय ते तुम्हीच सांगा. नाव तुम्हीच ठेवा."

मी रंग सुरेख आहे असे कळवले. तिने लिहिले की अंग जरा खरखरीत लागते, पण मॉर्फवाला म्हणाला की कात टाकायची आहे म्हणून तसे लागते. आणि फुसफुस फार करतो, कुकरसारखा. मी लिहिले की नवीन जागा आहे, रुळेल. मुनीमजीसुद्धा पहिले फुसफुसला होता. त्यानंतर मी लिहिले, "ट्यूबलाईटात समजत नाही बाई. उजेडात घेऊन ये, मंग सांगतो."

हे वाक्य माझे आहे. माझा मोबाईल तपासासाठी दाखवला आहे, त्यात ते आहे.

मी पुन्हा गिऱ्हाइकांकडे वळलो. एका बाईची मोरपंखी साडी होती. तिला मी पायरीवर नेले तेव्हा मेघाचे फोटो लागोपाठ आले. मी मोबाईल उन्हात धरला. मोबाईलमधला फोटो उन्हात नेला की काहीच दिसत नाही हे मला ठाऊक आहे, तरी सवयीने पाय दाराकडेच जातात. ती बाई हसली. म्हणाली, "दादाजी, फोटोले काऊन ऊन दाखवून राह्यले?" म्हणून मी सावलीत आलो आणि पाहिले.

पहिल्या फोटोत पिल्लू पांढऱ्या ओढणीवर होते. पाठीवर लांबट गोल डागांची माळ होती, एकाला एक लागून, साखळीसारखी. तशाच दोन माळा दोन कुशींवर होत्या. प्रत्येक डागाला काळपट काठ आणि त्याच्या बाहेर पांढरी बारीक रेघ होती. रंग फिका असल्याने ट्यूबलाईटखाली काठ दिसला नव्हता. विदेशी अजगराची नक्षी अशी रांगेत नसते. ती शाई सांडल्यासारखी वेडीवाकडी पसरलेली असते. दुसरा फोटो जवळून काढला होता. अजगराचे अंग सॅटिनसारखे असते, हात घसरतो. या पिल्लाच्या प्रत्येक खवल्याला मधोमध उभी धार होती आणि सगळे अंग जाड दोसुती कापडासारखे दिसत होते. डोके त्रिकोणी होते. शेतातली घोणस मी पुष्कळदा पाहिलेली आहे.

तिसऱ्या फोटोत ते तिच्या मनगटावर होते. मनगटावर गौरीला काढलेली मेंदी होती, उतरत आलेली.

मी मेघाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग लिहिले की हात हलवू नको, ते खाली ठेव, तो अजगर नाही. तो मेसेज अर्धवट गेला आहे. त्यानंतर मी दीपमालाबाईंना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला आणि गौरीच्या साडीचा पीस आटला म्हणून तक्रार सांगू लागल्या. मी मेघा कुठे आहे असे विचारले.

"गच्चीवर गेली नं ते तिचं जनावर घेऊन. कोंडावारजी, तुम्हीच तं सांगतलं तिले उजेडात ने म्हणून."

मी म्हणालो, "ताई, तशाच वर जा. तिले म्हणा हात स्थिर ठेव अन् हळूच खाली सोड. तो अजगर नोहे. घोणस हाय."

जिन्यावर चपला वाजलेल्या मला ऐकू आल्या. फोन चालूच होता. वर गेल्यावर त्यांनी मेघाला हाक मारली. नंतर मेघाचा आवाज आला. तो मी ओळखला. ती म्हणाली, "काही नाही झालं काका, जरासं लागलं फक्त. फोटो चांगला आला नं?"

ते पिल्लू तिच्या अंगठ्याच्या वरच्या बाजूला चावले होते. दीपमालाबाईंनी नंतर मला सांगितले की त्या वर पोचल्या तेव्हा मेघाच्या उजव्या हातात मोबाईल होता, त्यावर माझे फोन येऊन गेलेले दिसत होते आणि ती डावा हात झटकत होती. आधी माझा फोन वाजला की आधी साप चावला, हे मला माहीत नाही. हे मला कोणी विचारलेले नाही. मी स्वतः सांगत आहे.

मी फोनवर सांगितले की बांगड्या, अंगठी काढा, हाताला आवळून काही बांधू नका, कापू नका, तिला चालवू नका आणि ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या. तोवर शेजारपाजारचे जमले होते. कोणीतरी तिला तिखट मिरची चावायला दिली. आपल्याकडे अशी समजूत आहे की मिरची तिखट लागली तर विष चढलेले नाही. मेघाला तिखट लागली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दीपमालाबाई मला फोनवर म्हणाल्या की अहो तिखट लागते म्हणते, डोळ्यांत पाणी आलं तिच्या, म्हणजे तो साधाच असेल. मी त्यांच्यावर ओरडलो. गिऱ्हाईक बाईवर मी जन्मात ओरडलो नव्हतो. मी म्हणालो, "मिरची थुकाले लावा अन् गाडी काढा. ह्या सापाले मिरची समजत नाई."

शेजाऱ्यांच्या मालवाहू गाडीत मागे गादी टाकून तिला नेले. पिल्लू गच्चीवरच होते. त्यावर कोणीतरी घमेले पालथे घालून वर पाटा ठेवला होता. सर्पमित्र प्रेमदास यांनी येऊन ते पकडले व वनविभागाच्या ताब्यात दिले. ते फिक्या रंगाचे घोणशीचे पिल्लू असल्याचे त्यांनी मला फोनवर सांगितले. असा रंग हजारात एखाद्याचा असतो आणि एरवीच्या घोणशीएवढेच विष त्यात असते, असेही सांगितले. मला त्याचे नाव ठेवायचे होते.

मी दुकान बंद करून पत्नीसह बसने दवाखान्यात गेलो. मोरपंखी साडीवाल्या बाईचे कापड कापायचे राहिले. तिची साडी माझ्याच दुकानात आहे, ती परत द्यायची आहे.

मेघाचे पती मुकेश हे कंपनीतून थेट तिथे आले होते. मेघा शुद्धीवर होती. हात कोपरापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होते. ती ओठ मिटून ठेवत होती. माझ्या पत्नीने रुमालाने तिचे तोंड पुसले. मेघाने मला खुणेने विचारले की कोणता साप होता. मी सांगितले. तिने मान हलवली आणि डोळे मिटले.

डॉक्टरांनी विषावरचे इंजेक्शन सुरू केले. मंगळवारी त्यांनी मुकेश यांना सांगितले की विषाचा मूत्रपिंडावर परिणाम झाला आहे, लघवी थोडी होते आणि काळ्या चहासारखी होते. लघवीचा रंग फिका होत गेला तर चांगले. गेला नाही तर डायलिसिसची मशीन लावावी लागेल, आणि पुढचे आत्ता सांगता येणार नाही. तेव्हा मी तिथे उभा होतो. मुकेश यांनी खाली जाऊन माझ्यासाठी चहा आणला. मी तो हातात धरून बसलो.

दीपमालाबाई बाकावर बसल्या होत्या. मी जवळ गेलो तेव्हा त्या सरकल्या आणि मला जागा दिली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमच्या दुकानात मी दहादा म्हटलं असन, उजेडात काय ठेवलं हाय, द्या कापून. तुम्ही नाई ऐकलं कधी." यात त्या मला दोष देत होत्या की नाही, ते मला समजले नाही.

सोमवारी रात्रीपर्यंत मी ग्रुपवर सर्वांना कळवले की मॉर्फवाल्याकडून ज्यांनी फिके पिल्लू घेतले असेल त्यांनी पेटी उघडू नये, झाकणाला दोरी बांधावी आणि वनविभागाला कळवावे. त्यानंतर तो नंबर बंद झाला. त्याने अशी पिल्ले आणखी कोणाकोणाला विकली हे मला माहीत नाही. घोणस एका वेळी पुष्कळ पिल्ले देते. दोघांनी विकत घेतल्याचे कबूल केले, त्यांच्या पेट्या वनविभागाने नेल्या आहेत. बाकीचे गप्प आहेत. मला त्यांची भीती वाटते. मॉर्फवाल्याला पकडावे अशी माझी तक्रार आहे, पण त्याआधी त्या पेट्या शोधाव्या अशी माझी हात जोडून विनंती आहे. कोणाच्या तरी घरात आजही ती पेटी टेबलावर असेल आणि कोणीतरी झाकणाशी हात नेत असेल.

ग्रुपमधील जे लोक माझी थट्टा करीत, ते आता आपापल्या सापांचे फोटो मला पाठवतात आणि विचारतात की काका, हा तरी अजगरच आहे ना. त्यांचे साप वर्षानुवर्षांचे आहेत, मी ते ओळखतो. तरी मी कोणालाही उत्तर दिलेले नाही. सोमवारपासून मी मुनीमजीची पेटीसुद्धा उघडलेली नाही. तो कोण आहे हे मला चांगले माहीत आहे. पत्नी पाणी ठेवते. ती म्हणाली, "त्याची काय चूक?" काही नाही, असे मी म्हणालो. पण हात पुढे जात नाही.

हा जबाब लिहिणे चालू असताना माझ्या मोबाईलवर मुकेश यांचा मेसेज आला. लिहून घेणाऱ्या हवालदार साहेबांच्या परवानगीने मी तो पाहिला व त्यांनाही दाखवला. त्यात दोन फोटो आहेत. मेघाच्या पलंगाला जी लघवीची पिशवी अडकवलेली आहे, तिचे. एक कालचा, एक आजचा. खाली लिहिले आहे, "काका, डॉक्टर संध्याकाळी येतील. मला दोन्ही सारखेच दिसून राह्यले. तुम्हाला रंगातलं समजते. कालच्यापेक्षा फिका हाय ना?"

मी दोन्ही फोटो पाहिले. दोन्ही वॉर्डातल्या ट्यूबलाईटखाली काढलेले आहेत. आजच्या फोटोत काठाशी, जिथे पिशवी चपटी होते तिथे, रंग थोडा उघडल्यासारखा वाटतो. तो खराच उघडला आहे की दिव्याचा उजेड तिथे पडला आहे, हे असल्या फोटोवरून सांगता येत नाही. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. हवालदार साहेबांनी लिहिणे थांबवले होते. मोबाईल घेऊन मी ठाण्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

पिशवी खिडकीपाशी नेऊन फोटो काढ, असे मी मुकेश यांना लिहिले नाही. फिका आहे, एवढेच लिहिले.

वरील सर्व मजकूर हवालदार साहेबांनी मला हळू वाचून दाखवला. मी ऐकला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. शेवटी मुकेश यांना दिलेल्या उत्तराबद्दल मात्र मी शपथेवर काही सांगू शकत नाही. ते खोडू नये, तसेच राहू द्यावे.

सही
प्रभाकर विठोबाजी कोंडावार